कोरड्या पुंगळ्या

अन्याय माझ्या मामावर झाला. गेल्या रमजानच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला, ओमानमधल्या इब्रा गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर. त्याचा डावा डोळा गेला, आणि त्याच संध्याकाळी दोषही त्याच्याच माथी मारायचा घाट घातला गेला.

मामा लेथवरचा माणूस. काम रत्नागिरीत शिकला. जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, लेथवरून उतरला की तेलाचा बोळा फिरवायचा, ही सवय तिथली. खाऱ्या हवेत पितळ काळं पडतं, म्हणून उस्तादानं टपल्या मारून लावलेली.

मामाच्या इथल्या वर्कशॉपात काम घेऊन आलेल्या एका हौशी नेमबाजाची रायफल बाजारात न मिळणाऱ्या मापाची होती. अशा रायफलसाठी दुसऱ्या मापाच्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची टरफलं, घडवून घेतात आणि त्याच रायफलीतून एकदा उडवतात. पितळ फुगतं, आतल्या आकारात नेमकं बसतं. मामानं दहा घडवल्या आणि सवयीनं तेल लावून दिल्या. बार भरून उडवणं नेमबाजाचं काम. त्यानंही तेल पुसलं नाही.

पुंगळी कोरडीच लागते. कोरडं पितळ नळीच्या भिंतीला धरून राहतं, तेलकट असलं की घसरतं, आणि सगळा जोर मागे येतो. पाचवी पुंगळी बुडाशी फाटली, पितळाचे तुकडे उडाले. चष्मा नेमबाजाच्या डोळ्यांवर होता. रिकाम्या पुंगळ्या वेचायला शेजारी उभ्या केलेल्या मामाला कुणी दिलाच नव्हता.

मी राहतो त्या माबेल्याहून गाडी हाणत दवाखान्यात पोचलो, तेव्हा वर्कशॉपचा फोरमन मामाच्या कॉटशेजारी कागद घेऊन उभा. हा आपलाच, रायगडचा.

"मिस्त्री, तेल लावायला कुणी सांगितलं होतं?"

"लावू नको, असं कुणी सांगितलं होतं?" मामा म्हणाला.

फोरमन म्हणे, सूचनांचा कागद होता की. होता खरा. इंग्रजी आणि अरबीत, याच्या ड्रॉवरमध्ये. मामा सातवी मराठी. मग हातातला कागद पुढे करून गोड आवाजात सांगायला लागला, यात फक्त अपघात झाला एवढंच लिहिलंय, सही कर, खलास. मी कागद ओढून घेतला आणि मामाला मोठ्यानं मराठीत वाचून दाखवला: कामगारानं सूचना मोडून तेल लावलं. सही झाली असती तर मामा दोषी ठरून घरी.

मामानं उजवा डोळा फोरमनवर रोखला. "एका डोळ्यानं नेम बरा लागतो म्हणतात. तुझं सगळं दिसतंय मला."

सही केली नाही. तक्रार आम्ही दिली आहे. निकाल अजून नाही.

फोरमन, सुपरवायझर, जो कुणी हे वाचतोय, तुलाच सांगतोय. तुझ्या ड्रॉवरमधला सूचनांचा कागद उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बाहेर काढ. तुझ्या माणसांना त्यांच्या भाषेत वाचून दाखव. आणि धोक्याजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा चढल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नकोस.