प्लास्टिकला चढलेला गंज

चार म्हातारे एका शेडमध्ये बसून प्लास्टिकची छोटी विमानं रंगवू लागले, की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तर आता ब्रशपेक्षा किस्से जास्त झालेत! दर रविवारी आम्ही जळोचीला सुभाषतात्यांच्या शेडमध्ये जमतो. कोरं विमान उन्हापावसात झिजलेल्या पत्र्यासारखं दिसलं पाहिजे, हा आमचा खेळ. बघणारा फसला की जिंकलो! आणि जिंकतात कायम शेळगावचे रंगनाथराव. माझ्या विमानाला कुणी म्हणजे कुणी फसलं नव्हतं.

*

रंगनाथराव परगावी गेले होते. त्यांच्या मंडळींनी कपाटातलं विमान काढलं आणि चिंचेच्या कोळानं खसाखसा घासलं. "किती कळकाटलं हुतं!" सगळा पावसाळा खपून चढवलेला गंज मोरीत गेला. आम्ही हळहळलो. रंगनाथराव मात्र पेढे घेऊन आले!

घरी आल्यावर मी आमच्या हिला विचारलं, "माझं इमान घासावंसं वाटत न्हाय व्हय गं तुला?"

"प्लास्टिकला काय घासायचं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

गंज कुठून ओघळतो, ते बघायला रंगनाथराव एसटी डेपोतल्या मोडक्या गाडीपाशी जाऊन बसतात, असं कळलं. मी त्यांच्या आधी जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी वॉचमन आला. "आबा, ही गाडी आता सुटायची न्हाय!"

*

"ओघळ कशाचे काढता?" एकदा मी त्यांना विचारलंच.

"चहाचे."

घरी चहा उकळला, पंखांवर झकास ओघळ काढले. सकाळी बघतो तर पंखावर मुंग्यांची रांग! रंगनाथराव हळूच म्हणाले, "आबा, साखर घातली व्हय?"

तात्या म्हणाले, "उसाच्या पट्ट्यातलं इमान हाय, गोडच असणार!"

*

परवा रंगनाथराव माझ्या घरी आले. माझं नवं विमान उचलताना त्याच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यानं त्यांचं बोट कापलं. "कडा लई पातळ केल्यात," एवढंच बोलले. रंगाबद्दल चकार शब्द नाही! मी आतल्या आत जळत राहिलो.

संध्याकाळी बीपीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेलो. बाकावर रंगनाथराव, बाही वर सरकवलेली! नर्सबाई धनुर्वाताचं इंजेक्शन भरत होत्या.

"कशानं कापलं, काका?"

रंगनाथरावांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

"पत्र्यानं, ताई. लई गंजल्याला हाय."