अमावस्येची पंगत

हुबळीत दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या बोळात माझ्या थोरल्या बहिणीची खानावळ आहे. दोन लांब टेबलं, चार बाकडी. एका वेळी सोळा माणसं बसतात, सतराव्याला उभं राहावं लागतं. सगळा बाजार तिला अक्का म्हणतो, म्हणून मीही अक्काच म्हणतो. मी राहतो नवनगरात, पण बाजारातल्याच एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो आणि दुपारी तिच्याकडे जेवतो.

अमावस्येला बाजारात दुकानांची पूजा असते. त्या दिवशी दुपारी अक्का गिऱ्हाइकांना वाढत नाही, हातगाडीवाल्यांची पंगत घालते. तिच्या सासूपासून चालत आलेली रीत आहे. त्या दिवशी ती पैशाला हात लावत नाही. पण याला फुकट जेवण म्हणता येत नाही. प्रत्येक गाडीवाला येताना काहीतरी आणतो: कोथिंबिरीची जुडी, मूठभर मिरच्या, दोन लिंबं, पूजेच्या नारळाचं एखादं भकल. दाराशी ठेवलेल्या वेताच्या बुट्टीत टाकतो आणि मुकाट जाऊन बसतो. कोण काय टाकतो ते कुणी बघत नाही. तीच कोथिंबीर चिरून झुणक्यावर पडते. यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मला आकड्यांच्या माणसाला आजवर मांडता आलेलं नाही. मांडायचं नसतंच ते.

अशाच एका अमावस्येला एक तरुण फोन घेऊन आला. धारवाडकडचा, रायापूरला राहणारा. गावोगावच्या खानावळींचे व्हिडिओ करून टाकतो म्हणाला. बोलायला गोड. अक्का तव्यावर भाकरी टाकत होती. त्यानं विचारलं, "ऊटक्क एष्ट्रि?" जेवणाचे किती?

अक्का म्हणाली, "इवत्त एनू इल्लप्पा." आज काही नाही बाबा.

मी शेजारीच जेवत होतो. दोघांचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे, म्हणून एवढं ठासून सांगतो.

व्हिडिओत 'इवत्त', म्हणजे 'आज', नव्हतं. विचारलं होतं, किती? उत्तर होतं, काही नाही. मागे वाजंत्री, पुढे अक्काचे पिठाचे हात, आणि भाकरी मोडणाऱ्या सर्वांत म्हाताऱ्या गाडीवाल्याचा चेहरा पडदाभर. खाली मोठ्या अक्षरात, 'गरिबांना रोज फुकट जेवण देणारी हुबळीची अन्नपूर्णा'. आठवड्याच्या आत बघणारे लाखावर गेले. बुट्टी एका कोपऱ्यात दिसत होती. तिच्याबद्दल त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बोळ भरला. कॉलेजची पोरं, सहकुटुंब आलेली माणसं, कार लांब लावून आलेली माणसं. जेवून उठायची आणि हात जोडायची. अक्का पैसे सांगायची, तर म्हणायची, "अहो, फुकट आहे ना? व्हिडिओत तर तसंच सांगितलंय!" एकीनं तर फोन काढून अक्कालाच अक्का दाखवली. महिन्याच्या बोलीवर जेवणारे आमचे नेहमीचे लोक दाराबाहेर ताटकळत. अक्कानं दारावर खडूनं लिहिलं, जेवणाला पैसे पडतील. तर त्याचा फोटो काढून कुणीतरी टाकला, 'प्रसिद्धी मिळताच अन्नपूर्णा बदलली'.

इथवर मी समजून घेतलं. फोन हातात असलेला माणूस काहीही टाकतो. पेपर तसा नसतो, असं मला वाटत होतं. एकदा आमच्या दुकानाच्या गोदामाला आग लागली होती. तेव्हा एका पेपरचा बातमीदार आला. सिमेंटची किती पोती वाया गेली, असं त्यानं मालकाला विचारलं, मग मला विचारलं, मग स्वतः आत जाऊन मोजली. आमच्या दोघांच्या आकड्यात एका पोत्याचा फरक होता. त्यानं मला पुन्हा आत नेलं. माझंच चुकलं होतं. तेव्हापासून त्या माणसाबद्दल मला आदर होता.

त्याच पेपरात, त्याच्याच पानावर, अक्काची बातमी आली. फोटो व्हिडिओतलाच. 'रोज' आणि 'फुकट' हे दोन्ही शब्द जसेच्या तसे. वर एक भर, की हातगाडीवाल्यांना एरवी उपाशी राहावं लागतं.

मी कचेरीत गेलो. तो बातमीदार आता पिकला आहे. टेबलावर दोन फोन मांडून बसला होता.

"तुम्ही खानावळीत आला होता?" मी विचारलं.

"नाही हो. वेळ कुठाय? संध्याकाळपर्यंत इतक्या बातम्या द्यायच्या, वर पेपरचे व्हिडिओ वेगळे. लाख लोकांनी बघितलेली गोष्ट आपल्या पानात नसली की वरून फोन येतो."

"पण ती चूक आहे."

"चूक व्हिडिओत आहे, साहेब. आम्ही 'व्हायरल व्हिडिओनुसार' असं लिहिलंय. बघा, तिसऱ्या ओळीत आहे."

"गोदामात तुम्ही पोती मोजली होती."

त्यानं एक फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "तेव्हा आमच्या आधी कुणी मोजत नव्हतं. आता आमच्या आधी लाख लोकांनी बघितलेलं असतं." दुरुस्ती छापतो म्हणाला. ती आली, पाणीपुरवठ्याच्या सूचनेखाली दोन ओळी. माझ्या ओळखीतल्या एकानंही ती वाचली नाही.

त्या तरुणाचा नंबर मिळवून मी रायापूरला गेलो. त्यानं चहा मागवला.

"अंकल, 'आज' ठेवलं असतं तर कोण बघणार? आज तर उद्या संपतो की."

"पण ती आज म्हणाली होती."

"आणि पेपरातही तेच आलंय, बघा." त्यानं कात्रण फ्रेममध्ये लावलं होतं.

पेपर व्हिडिओकडे बोट दाखवतो आणि व्हिडिओ पेपरकडे. आमच्या दुकानात असा व्यवहार कुणी आणला असता तर मी बिलावर सही केली नसती. शेवटी मी त्या व्हिडिओखाली सगळा खुलासा लिहिला, बुट्टीसकट. उत्तर आलं, 'अंकल, बहिणीवर जळता काय?' त्याखाली हसणारे चेहरे. माझा खुलासा हात जोडलेल्या चित्रांच्या खाली कुठे गेला, मलाच परत सापडला नाही.

अक्का म्हणाली, "कशाला वाद घालायलास? चार दिवसांत विसरतील." तिला गर्दीची काळजी नव्हतीच. रोज दुपारी हातगाड्यांचा आवाज आला की ती दाराकडे बघायची. "गाडीवाल्यांच्या घरी बघितलं असंल काय रे?" एवढंच विचारायची. पुढची अमावस्या जवळ येत होती.

बघितलं होतं. त्या म्हाताऱ्या गाडीवाल्याची सून अळणावरकडच्या एका गावात असते. तिथल्या माणसांनी तिला विचारलं, तुझा सासरा हुबळीत भिकेवर जेवतो काय? हे मला दुसऱ्या एका गाडीवाल्यानं सांगितलं. अक्काला मी सांगितलं नाही.

अमावस्या आली. अक्कानं नेहमीएवढंच पीठ मळलं. बुट्टी दाराशी ठेवली. फोन घेतलेली चार-पाच माणसं बोळाच्या तोंडाशी उभी होती. मी त्यांना हाकललं, ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. एक वाजला, दीड वाजला. गाडीवाला एकही आला नाही. बुट्टी रिकामीच.

अक्कानं भाकऱ्या फडक्यात बांधल्या, झुणक्याचा डबा भरला आणि म्हणाली, "तूच घेऊन जा."

गाड्या धान्याच्या पेठेपाशी उभ्या होत्या. म्हातारा आपल्या गाडीवर पाय सोडून बसला होता.

"अप्पा, अक्कानं पाठवलंय."

"आमचं झालं की जेवण."

"कुठं झालं?"

"झालं." त्यानं रस्त्यापलीकडे बघितलं. माझ्या मागून फोनवाल्यांपैकी एक जण आला होता. "तुम्ही जावा, अण्णा. अक्काला नमस्कार सांगा. तिच्यावर राग नाही म्हणावं."

बाकीच्यांनी माना फिरवल्या. एक जण उगाच चाकाला तेल घालत बसला. मी त्या फोनवाल्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो माझाही व्हिडिओ काढत होता.

मी बोचकं घेऊन परत आलो. अक्कानं ते हातात घेतलं, वजनावरूनच तिला कळलं. तिनं ते उतरंडीवर ठेवलं आणि बुट्टी उचलून आत नेली.

"रागावलेत काय?"

"नाही म्हणाले."

"मग येत नाहीत आता. राग असता तर गेला असता." ती महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्यांसाठी रात्रीची वांगी चिरायला बसली.  मग पदरातल्या पैशाच्या गाठीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला, अमावस्या होती.

"तुझ्याच पैशानं आण," ती म्हणाली, "एक कोथिंबिरीची जुडी. आज कुणी आणली नाही."