साड्यांच्या गठ्ठ्यामागे

पुढे मी लांब पल्ल्याच्या बऱ्याच शर्यती केल्या, पण पहिल्या शर्यतीतला तो माणूस डोक्यातून जात नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आमच्या भागातल्या एका आखाड्यानं अचाट शर्यत काढली होती. तलावात पोहायचं, सायकलनं उमरेडला जाऊन यायचं आणि मग नागपुरात पळायचं. परतताना समोरून असा वारा सुटला की माझी सायकल जागची हलेना. तेवढ्यात धोतर खोचलेला एक विणकर घंटी वाजवत शेजारी आला. कॅरिअरवर साड्यांचा हा एवढा गठ्ठा.

"काहून एवढा हाफून राहिला गा?"

"शर्यत आहे. मी शेवटचा."

"मंग भेव कायचं? तो नंबर तं कोणी हिसकून नेत नाही! माह्या मांगं ये. गठ्ठा वारा अडवते."

खरंच अडवला. मधूनमधून तो हात मागे नेऊन, बैलाला थोपटावं तसा गठ्ठा थोपटायचा. मला वेड्यासारखं हसू येत होतं.

नागपुरात आखाड्याची मंडळी हार घेऊन उभी होती. त्यांनी पुढच्यालाच स्पर्धक समजून त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि सगळे ओरडले, "आता पळा!"

तो खो खो हसला. गठ्ठ्यासकट सायकल त्यांच्याच हाती देऊन सरळ पळत सुटला.

"चाल गा! आता मीच वारा अडवतो!"

चौकापर्यंत पळाला तो. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. आजही शर्यतीत पाय गळाले की मी समोर तीच पाठ शोधतो, आणि हसू फुटतं.