खळीची वाटी

पनवेलच्या एका सभेत बाबांनी एका पुढाऱ्यासमोर हात वर करून शपथ घेतली, की घरात दारूचा थेंब येणार नाही. पुढारी जुन्या वळणाचे, कडक. हसलं तर पाप लागेल असा चेहरा. मिठागरात राबणाऱ्या माझ्या बाबांना तो माणूस देवासारखा वाटला. मला त्या चेहऱ्याचा अजून राग येतो.

त्यांच्या बातम्यांची कात्रणं बाबा एका जाड वहीत चिकटवायचे. त्यासाठी पिठाची खळ शिजवायची माझी मोठी बहीण. तिचं लग्न ठरलं तेव्हा पुढारी मुंबईत मंत्री झाले होते.

हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाचा चुलता चार माणसांसह उष्टी हळद घेऊन आला. आम्हा आगऱ्यांत देवांना दारूचा घोट दाखवल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. दारूबंदी होती, पण तेवढ्यापुरती बाटली फौजदारही बघून न बघितल्यासारखं करायचे. बाबांनी मात्र देवांपुढे गुळाचं पाणी ठेवलं.

"देवाला घोट नाय, तर हलद पन नाय," चुलता म्हणाला.

"सायबांना शबूद दिलाय मी."

"मंग सायबालाच जावई करा!"

हळदीची वाटी झाकून ते निघून गेले. बहीण पाटावर तशीच बसून होती. तिला ऊठ म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी ती आपणच उठली आणि पाट भिंतीला लावून ठेवला.

हळद परत गेलेल्या मुलीला पुन्हा स्थळ आलं नाही. पुढारी दिल्लीला गेले, त्यांची खाती बदलली, मान वाढला. दर बातमीला बाबांची हाक यायची, "बाय, खल आन." तिने एकदाही कुरकुर केली नाही. चिडायचो मीच, आणि आई मला डोळ्यांनी दटावायची.

मग एक दिवस देशाचा कारभारच त्यांच्या हाती आला. पेपरात भला मोठा फोटो. बहीण चुलीवरचं कालवण टाकून खळ घेऊन आली, तेव्हा तिच्या बोटांची हळद फोटोच्या कडेला लागली. त्या पिवळ्या डागाकडे बघता बघता बाबा हमसून हमसून रडू लागले.

"माजं चुकलं, बाय. तुजं वाटोलं केलं मी."

तिने कात्रण त्यांच्या हातातून घेतलं, खळ लावून शेवटच्या पानावर सरळ बसवलं.

"वही भरली, बाबा," ती म्हणाली. "आता मी काय करू?"