सत्तर सालापासूनचे सेकंद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते पेणच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या बाईंचे. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म कुणी पाहिलेला नव्हता. बारावीनंतर बाई स्वतः खाडीकाठच्या आमच्या गावी आल्या, ओट्यावर बसून त्यांनी फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी वडखळला एस.टी. बदलून माझ्याबरोबर अलिबागपर्यंत आल्या. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तो त्यांच्यामुळे.

नव्वदीच्या दशकात मला रोह्याच्या एका लहान रसायन कंपनीत ट्रेनी म्हणून घेतलं. तिथे तयार झालेला माल एका मोठ्या टाकीत आठ तास हळूहळू थंड करत. तासाला साधारण अर्धा अंश उतरला पाहिजे, त्याहून जलद नाही आणि हळूही नाही. टाकीवर पेणकडचे एक ऑपरेटर काका होते. त्यांचं सगळं घर मिठागरातलं, ते मात्र कंत्राटदाराकडून कंपनीत लागलेले. दर अर्ध्या तासाने शिडी चढायची, तापमान बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्याच भागातला म्हणून ते मला आधी ‘साहेब’ म्हणायचे आणि मग हसायचे.

त्या वर्षी टाकीला एक यंत्र बसवलं. ते दर पंधरा मिनिटांनी तापमान कॉम्प्युटरात पाठवायचं. त्या नोंदींवरून सरळ रेषा बसवून तापमान तासाला किती उतरतं ते काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला. सूत्र कॉलेजात शिकलेलंच होतं. छापून आलं ते उत्तर शून्याच्या आसपास. म्हणजे टाकी थंड होतच नव्हती.

मॅनेजर साहेबांनी कागद पाहिला, मग लॉगबुक पाहिलं. लॉगबुकात तापमान नीट तासाला अर्ध्या अंशाने उतरत होतं. हा माणूस खाली बसून आकडे भरतो, असं ते म्हणाले, आणि माणूस बदलून द्या असं कंत्राटदाराला पत्र टाईप करायला दिलं.

मी यंत्राच्या मूळ नोंदी काढून बघितल्या. आकडे थोडे वरखाली होत होते, पण उतरत होते. आलेखकागदावर ठिपके मांडले तर रेषा खाली जात होती, काकांच्या लॉगबुकासारखीच. तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर पुन्हा शून्य. सूत्र पाच वेळा तपासलं. बेरजा, वर्ग, गुणाकार, सगळं पुस्तकात होतं तसंच. माझं डोकं चालेना. रेषा माझ्या डोळ्यांना दिसते ती कॉम्प्युटरला का दिसत नाही?

जेवणाच्या सुट्टीत काका डोकावले. त्यांना पत्राचं कळलं होतं. यंत्राच्या नोंदींच्या यादीतल्या नऊ आकडी संख्यांवर बोट ठेवून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, ती वेळ आहे, कॉम्प्युटर ती १९७० सालापासूनच्या सेकंदांत मोजतो.

“सत्तर सालापासून? तवा माझं लगीनपन झालं नव्हतं,” काका म्हणाले. “माल आठ तासांचा नि मोजायचं माझ्या लग्नाआधीपासून? आमी शिफ्ट लागली की शून्यापासून धरतो.”

मीही हसलो. ते गेल्यावर, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, पहिल्या नोंदीची वेळ सगळ्या वेळांतून वजा केली. उत्तर आलं तासाला ०.४९ अंश, उताराचं. आनंद व्हायला हवा होता, पण मी आणखीच गोंधळलो. सगळे ठिपके एकाच अंतराने डावीकडे सरकवले तर रेषेचा चढ बदलत नाही, हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

दोन्ही कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो.

“मग आधी का चुकलं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

“म्हणजे आजचं बरोबर आहे हेही तुला माहीत नाही.” त्यांनी कंत्राटदाराला पाठवायचं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. “कारण लिहून आण. पुढच्या सोमवारी हे पत्र एक तर फाडतो, नाहीतर पाठवतो.”

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी बाईंना लिहिलं:

“बाईंना नमस्कार. सोबत दोन्ही कागद जोडले आहेत. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि तिच्यामुळे एका प्रामाणिक माणसाचं काम जाईल, म्हणून त्रास देतो आहे. मी आज एक करून पाहिलं. वीस सेकंदांच्या अंतराच्या दोन वेळा कॉम्प्युटरला दिल्या, तर त्याने दोन्हींसाठी एकच संख्या छापली. म्हणजे एवढ्या मोठ्या संख्येचे शेवटचे अंक तो सोडून देतो का? त्या संख्यांचे वर्ग करून एकमेकांतून वजा केले, तर आपल्याला हवा तो लहानसा फरक त्यातच बुडत असेल का? संख्या मोठ्या असल्या की तुम्ही आम्हाला गृहीत मध्य धरून तो आधी प्रत्येक संख्येतून वजा करायला लावायचात. ती नुसती हाताची मेहनत वाचवायला आहे, असं मी समजत होतो. मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून खात्रीने लिहिता येत नाही. माझं चुकत असेल तर शनिवारपर्यंत कळवा. तुमचं पत्र आलं नाही तरी, जेवढं कळलं तेवढं माझ्या सहीने सोमवारी देणार आहे. काकांना आज सांगितलं की चूक माझी होती. ते ऐकून तापमान बघायला शिडी चढून गेले.”