सवतीच्या टाकाला लावलेला लेप

माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी प्लेगात माझ्या नवऱ्याची पहिली बायको गेली. मी निरगुडसरला नांदायला आले त्या दिवशी सासूबाईंनी मंगळसूत्राबरोबर तिचा टाक माझ्या गळ्यात बांधला. टाक म्हणजे रुपयाहून लहान चांदीचा पत्रा. त्यावर सोनाराने घरच्यांना विचारून विचारून ठोकलेला तिचा चेहरा. दुसरेपणावर आलेल्या बाईने तो घातला की मेलेली सवत छळत नाही, असं म्हणत. नवं लुगडं, हळद, कुंकू, सौभाग्याचं जे अंगाला लागेल ते पहिलं टाकाला लावायचं. "आधी तिला, मग तुला," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तो चेहरा माझ्या बोटांना पाठ झाला. बसकं नाक, डाव्या गालावर गोंदणाचा एकच ठिपका. ती अठराव्या वर्षी गेली आणि अठराचीच राहिली. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके होते आणि माझं वय थांबायला तयार नव्हतं.

नवरा वाईट नव्हता. त्याने कधी हात उचलला नाही, टाकून बोलला नाही. मूल झालं नाही त्याबद्दलही चकार शब्द काढला नाही. पण माझ्याशी बोलताना त्याची नजर गळ्यातल्या टाकापाशी थांबायची, वर चढायचीच नाही. तिशी उलटली तेव्हा कांद्याच्या वाफ्यात खुरपून खुरपून माझ्या कपाळावर रेघा उमटल्या. हंड्यातल्या पाण्यात त्या मला दिसल्या. हे तोंड सुकून जायच्या आत त्याने एकदा तरी त्याकडे नीट बघावं, एवढंच मला हवं होतं. याहून मोठं काही मी मागितल्याचं आठवत नाही.

घोडेगावच्या बाजारात आहुप्याची एक म्हातारी हिरडे आणि मध घेऊन बसायची. तिला हळूच विचारलं. ती हसली नाही. बैल पारखावा तसं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"हिरडा उगाळ बाय, मधात कालव," ती म्हणाली. "चांभार ह्यानंच कातडं आवळत्यात. तुजं न्हाई व्हय आवळायचं?"

मसुराची डाळ दुधात भिजवून वाटायची, सायीत हळद घालायची, कोरफडीचा गर चोळायचा, हेही तिनेच सांगितलं. लिंबू लावून उन्हात जाऊ नको म्हणाली. मी गेलेच, आणि दोन दिवस गाल जळत राहिले.

रोज दुपारी मंडळी मळ्यात असताना मी लेप करायची. इथे माझी चूक झाली. लेप म्हणजे काही सौभाग्याचं लेणं नव्हे, तो टाकाला लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला भीती वाटली. हिला मागे ठेवून मी एकटीच तरुण व्हायला निघाले, तर ही मला सुखाने जगू देईल का? म्हणून पहिलं बोट टाकाला, दुसरं मला. हिरड्याचे डाग चांदीवर बसत, ते चिंच आणि राखेने घासून काढायचे. असं रोज. सासूबाई वारल्या त्या वर्षीही मी घासतच होते. रोज मरे त्याला कोण रडे, तशातली गत. त्या वर्षांतलं मला वेगळं काही सांगता येणार नाही, तुरट वास तेवढा आठवतो.

कातडी मऊ झाली, हे खरं. पण मऊ कातडीलाही सुरकुत्या पडतात.

एका सकाळी मी न्याहारी वाढत असताना नवरा टाकाकडे बघत एकदम थांबला. टाकावर काही उरलं नव्हतं. नाक, डोळे, गालावरचा ठिपका, सगळं घासलं जाऊन नुसता गुळगुळीत पत्रा राहिला होता. मला वाटलं, आता रागावेल. तो म्हणाला, नवा करून आणू. बैलगाडीने आम्ही जुन्नरला गेलो.

सोनाराने पत्रा उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, हितं कायबी ऱ्हायलं न्हाई. बाई दिसायला कशी व्हती, ते सांगा."

नवऱ्याने भुईकडे पाहिलं, मग आढ्याकडे. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याची नजर गळ्यावरून वर आली. हनुवटी, नाक, डोळे, कपाळ. इतका वेळ त्याने मला कधीच पाहिलं नव्हतं.

"आशीच व्हती," तो म्हणाला. "हिच्यावाणीच काढा."

सोनाराने मला दारातल्या उजेडात बसवलं. कपाळाकडे बघून नवऱ्याला विचारलं, "ह्या रेघा सोडतो. ती तरणीच गेली न्हवं?"

नवऱ्याने मान डोलावली.

मी सांगू शकले असते. डावा गाल, एक ठिपका, बसकं नाक. तिचा चेहरा ठाऊक असलेली आता मी एकटीच होते. मी बोलले नाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. सोनार ठोकत होता आणि तो सांगेल तशी मी मान वळवत होते.

तिसऱ्या प्रहरी टाक तयार झाला. हनुवटीवर तीन ठिपके, कपाळ कोरं. गाडीत नवरा काहीबाही बोलत होता आणि त्याची नजर पुन्हा माझ्या गळ्यापाशी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी सायीत हळद कालवली. पहिलं बोट टाकाला लावलं. दुसरं पदराला पुसून टाकलं.