अटीत न बसणाऱ्या बाई

"माणसाची खरी लायकी कुठल्याही कागदावर मावत नाही," असं बाई म्हणायच्या आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून विचारायच्या, "एकपानी करायचा की दोनपानी?"

गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी बाईंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. मी शेजारच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि काम नसलं की, म्हणजे बहुतेक वेळ, बाईंच्या काउंटरला टेकून उभा असायचो. नोकरीचा अर्ज करण्याबद्दल माणसांचे किती गैरसमज असतात, ते मला तिथे कळलं. अशा दुकानात तुम्हीही कधी रांग लावली असेल, तर तुम्हालाही ठाऊक असेल.

एक गृहस्थ मुलीच्या बायोडाटात वर 'श्री गणेश प्रसन्न' आणि खाली रंग, उंची, रास घालायचा हट्ट धरून बसले होते. "काका, पोरीला बँकेत नोकरी हवीय की सासर?" बाईंनी विचारलं. काका विचारात पडले. दोन्ही चाललं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसरा एक म्हणायचा, ओळख नसेल तर अर्ज उघडतसुद्धा नाहीत. "न उघडता परत आला तर दुसरा मी फुकट काढून देते," बाई म्हणाल्या.

पण बाई खऱ्या चवताळायच्या त्या एकाच वाक्यावर. "पाच अटी आहेत, माझ्या तीनच बसतात. राहू दे."

"राहू दे काय रे? ती त्यांची हौस आहे, कायदा नाही. बस इथे." आणि पोरगा नको-नको म्हणेपर्यंत अर्ज गेलेला असायचा.

यामागे एक जुनं प्रकरण होतं. तरुणपणी बाई फोर्टातल्या एका कंपनीत हंगामी टायपिस्ट होत्या. कायम जागेची नोटीस लागली. अनुभव तीन वर्षांचा हवा होता, बाईंचा चार महिन्यांनी कमी पडत होता. त्यांचे साहेब आमच्याच वाडीतले. ते म्हणाले, "अट म्हणजे अट. अर्ज करून हसं करून घेऊ नका." बाईंनी अर्ज केला नाही. जागा साहेबांच्या भाच्याला मिळाली. त्याला अनुभव अजिबातच नव्हता.

"नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं," बाई सांगायच्या. "एक चूक नाही त्यात."

हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. त्याचीच भीती वाटायची.

पुढे साहेब निवृत्त झाले, तरी त्या कंपनीची जाहिरात आली की बाई वाडीतला कोणीतरी अटीत न बसणारा हुडकून त्याचा अर्ज धाडायच्या. चौघे लागले. बाईंनी पेढे खाल्ले, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

मग आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. फाटकावर नोटीस लागली. सोसायटीला मॅनेजर हवा होता: वय साठच्या आत, पदवी, फर्डं इंग्रजी बोलणं, कॉम्प्युटर आणि अशाच कामाचा अनुभव. दुसऱ्या दिवशी साहेब हातात भाजीची पिशवी घेऊन दुकानात आले.

"त्या मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी बसलं की सून कोथिंबीर आणायला पिटाळते. आज दोनदा आणून झाली."

बाईंनी त्यांना रांगेत उभं केलं. नंबर आल्यावर खणखणीत आवाजात विचारलं, "वय?"

"अडुसष्ट."

"अट साठची आहे. कॉम्प्युटर?"

"थोडा थोडा."

"म्हणजे नाही. अशा कामाचा अनुभव?"

साहेबांनी पिशवी काउंटरवर ठेवली. मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या.

"अट म्हणजे अट, साहेब," बाई म्हणाल्या. "अर्ज करून हसं करून घेऊ नका."

साहेबांना काही आठवलं की नाही, कोण जाणे. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणून ते निघून गेले. इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं वाक्य, आणि समोरच्याला ते चक्क पटलं. बाई बराच वेळ की-बोर्डवर नुसते हात ठेवून बसल्या. साहेबांची पिशवी काउंटरवरच राहिली होती.

"तुम्हीच नेऊन द्या," त्या मला म्हणाल्या. "मी गेले तर अर्जही करून देईन."

आता दुकानाच्या जागी ज्यूस सेंटर आहे. बाई टॉवरच्या तळमजल्यावर मॅनेजरच्या टेबलामागे बसतात. पाचांपैकी त्यांच्या दोन अटी बसत होत्या, वय आणि कॉम्प्युटर. माझ्या तीन बसत होत्या, म्हणून मी अर्ज केला नव्हता. स्वतःच अर्ज करायचं त्यांच्या डोक्यात साहेब यायच्या आधी होतं की ते गेल्यावर आलं, हे मी विचारलेलं नाही.

परवा मी तिथे असताना साहेब खाली आले. व्याह्यांची गाडी आत घ्यायची होती.

"लेखी अर्ज लागेल, साहेब," बाई म्हणाल्या. "दोन प्रतींत." साहेबांनी तो उभ्याउभ्या लिहिला. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि मंजूर केला.

एवढ्या उमेदवारांतून बाईंनाच कसं निवडलं, असं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, अर्ज एकच आला होता.